एक लाख अठ्ठावीस हजार फूट म्हणजे किती किलोमीटर?

सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ परवा पुन्हा आला. पांढऱ्या सूटमधला एक माणूस कॅप्सूलच्या दारात उभा आहे, खाली निळसर पृथ्वी. तो सलाम ठोकतो आणि स्वतःला खाली सोडून देतो. सोबतचा मजकूर गेली कित्येक वर्षं जवळपास तोच आहे: ऑस्ट्रेलियाच्या अंतराळवीराने १,२८,००० फुटांवरून, म्हणजे अंतराळातून, पृथ्वीवर उडी घेतली, १,२३६ किलोमीटर अंतर ४ मिनिटं ५ सेकंदांत कापलं, आणि पृथ्वी फिरताना त्याला स्पष्ट दिसली. खाली जोडलेल्या हातांची रांग आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं 'अद्भुत!'.

व्हिडिओ खरा आहे आणि उडीही. मजकुरातला उंचीचा आकडा सोडला तर बाकी काहीच धड नाही.

आधी माणूस. फेलिक्स बाउमगार्टनर ऑस्ट्रियाचा, साल्झबर्गचा. ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलियाची गल्लत जगभर होते, ती सोडून देऊ. अंतराळवीर तो कधीच नव्हता. इमारतींवरून, पुलांवरून, विमानांतून पॅराशूट घेऊन उड्या मारणं हे त्याचं काम. ही उडी त्याने १४ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, रॉसवेलच्या परिसरात मारली. जुलै २०२५ मध्ये इटलीत पॅराग्लायडिंग करताना तो गेला.

आता किलोमीटर. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि १,२८,००० ला ०.३०४८ ने गुणा. उत्तर येतं ३९,०१४ मीटर, म्हणजे ३९ किलोमीटर. (अधिकृत नोंद ३८,९६९ मीटरची आहे.) मग ३९ किलोमीटरवरून पडणाऱ्या माणसाने १,२३६ किलोमीटर कापले कुठे? मजकुरातले दोन आकडेच एकमेकांना खोटं पाडतात, तरी तो इतकी वर्षं बिनबोभाट फिरतोय. बरं, १,२३६ किलोमीटर ४ मिनिटं ५ सेकंदांत म्हणजे सेकंदाला पाच किलोमीटर. मुंबईहून पुण्याला अर्ध्या मिनिटात! या वेगाने हवेत शिरलेला दगड उल्का होऊन पेटतो.

हा आकडा आला कुठून, याबद्दल माझा एक अंदाज आहे. जमिनीजवळ, २० अंश तापमानाला, ध्वनीचा वेग ताशी १,२३५ किलोमीटरच्या आसपास असतो. उडीच्या बातम्यांत ध्वनीच्या वेगाची चर्चा होतीच. कुणीतरी त्यातला 'ताशी' गिळला असावा, आणि वेगाचं अंतर झालं.

'अंतराळातून' हा शब्द मात्र फक्त फॉरवर्डवाल्यांच्या माथी मारता येणार नाही, तेव्हाच्या बातम्यांनीही तो सढळ हाताने वापरला. अंतराळाची सीमा सहसा १०० किलोमीटरवर धरतात, अमेरिकेत ८० वर. ३९ म्हणजे त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण सीमेचा वाद घालायचीही गरज नाही. तो वर गेला कशाने? हेलियमच्या फुग्याने. फुगा तरंगतो, कारण त्याने बाजूला सारलेल्या हवेचं वजन त्याच्या एकूण वजनाएवढं भरतं. बाजूला सारायला हवाच नसेल, तर तो कशाच्या आधारावर तरंगणार? जिथे फुगा टिकून राहतो तिथे हवा आहे, एवढं साधं आहे हे. फक्त ३९ किलोमीटरवर ती जमिनीवरच्या हवेच्या सुमारे अडीचशेव्या हिश्शाइतकीच उरते, म्हणून त्या फुग्याला फुलून आठ लाख घनमीटरहून मोठं व्हावं लागलं. २००५ मध्ये विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून २१ किलोमीटरवर गेले होते. बाउमगार्टनर त्याच्या दुपटीलाही पोचला नाही.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, हीही पुस्ती काही जण जोडतात. असतं, आणि जवळजवळ पूर्ण असतं. पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर ६,३७१ चं ६,४१० किलोमीटर झालं, इतकाच फरक. सत्तर किलोच्या माणसाचं वजन तिथे एक किलोनेसुद्धा कमी भरत नाही.

विरळ हवेचा धोका निराळा. साधारण १९ किलोमीटरच्या वर दाब इतका घसरतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागतं, त्यामुळे दाबाचा सूट नसेल तर खेळ संपला. १९६० साली अमेरिकन हवाई दलाच्या जोसेफ किटिंजरने ३१ किलोमीटरवरून उडी मारली, तेव्हा वर जातानाच त्याच्या उजव्या हातमोज्यातला दाब गेला आणि हात सुजून दुप्पट झाला. मोहीम थांबवतील म्हणून त्याने बराच वेळ ते कुणाला कळूच दिलं नाही. खाली आल्यावर हात पूर्ववत झाला. बाउमगार्टनरच्या उडीच्या वेळी जमिनीवरून रेडिओवर त्याच्याशी बोलणारा आवाज याच किटिंजरचा होता.

आता पडण्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. वस्तू पडू लागली की गुरुत्व तिला खाली ओढतं आणि हवा अडवते. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो वजनाएवढा झाला की वेग वाढायचा थांबतो. नेहमीच्या स्कायडायव्हिंगमध्ये पालथ्या पडणाऱ्या माणसाचा हा अंतिम वेग ताशी २०० किलोमीटरच्या आतबाहेर असतो. हवा पातळ असेल तर तेवढाच अडथळा मिळायला जास्त वेग लागतो: घनता चौथाई झाली की अंतिम वेग दुप्पट. २८ किलोमीटरवर हवेची घनता जमिनीच्या सुमारे एक-एकोणपन्नासांश असते. ४९ चं वर्गमूळ ७. दोनशेला सातने गुणा, १,४००. बाउमगार्टनरने साधारण ५० सेकंदांनी, याच उंचीच्या आसपास गाठलेला सर्वोच्च वेग होता ताशी १,३५७.६ किलोमीटर! हिशेब ढोबळ आहे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा वेगळा वागतो आणि माणूस गुळगुळीत गोळा नसतो. तरी शाळेतल्या भौतिकशास्त्राने इतक्या जवळ पोचावं, हे मला त्या सलामापेक्षा जास्त आवडतं.

त्या उंचीवरची हवा शून्याखाली चाळीस-पन्नास अंश. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो, त्यामुळे तिथे तो ताशी १,०९० च्या आसपास असतो. म्हणून बाउमगार्टनरचा वेग ध्वनीच्या सव्वापट.

त्यापुढची साडेतीन मिनिटं तो पडत राहिला, पण त्याचा वेग कमी कमी होत गेला. जितका खाली, तितकी हवा दाट. पॅराशूट उघडेपर्यंतचा वेळ ४ मिनिटं २० सेकंद, ४ मिनिटं ५ सेकंद नव्हे. हवाच नसती तर हाच प्रवास दीड मिनिटात उरकला असता आणि तो ताशी ३,१०० किलोमीटरने जमिनीवर आदळला असता.

'पृथ्वी फिरताना दिसली' यावर ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त वाद झाला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे त्याच्या पडण्याच्या वेळात एक अंशाहून किंचित जास्त. शिवाय तो माणूस, फुगा, हवा सगळं पृथ्वीबरोबरच फिरत होतं. रॉसवेलच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,४०० किलोमीटर आहे. हा वेग त्याच्याकडे आधीपासूनच नसता तर खालची जमीन शंभर किलोमीटर सरकून गेली असती. तसं काही झालं नाही, तो न्यू मेक्सिकोतच उतरला. पृथ्वी फिरतच नाही म्हणणारे नेमकं हेच पुरावा म्हणून दाखवतात, पण धावत्या लोकलमध्ये उडी मारून कुणी मागच्या डब्यात पडत नाही. फिरण्याचा खरा परिणाम बारीक असतो: निर्वात जागेत त्या उंचीवरून पडलेली वस्तू तिथे दीडशे मीटरच्या आसपास पूर्वेला सरकली असती. वाऱ्याने होणाऱ्या सरकण्यापुढे ते काहीच नाही.

व्हिडिओत जे गरगरताना दिसतं तो खुद्द बाउमगार्टनर. विरळ हवेत हातपाय पसरून तोल सावरता येत नाही, त्यामुळे उडीनंतर काही वेळ तो भोवऱ्यासारखा फिरू लागला आणि त्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात पृथ्वी फिरली. सहा सेकंद सलग ३.५ जी, म्हणजे गुरुत्वाच्या साडेतीनपट, इतका ताण आला तर आपोआप उघडणारं छोटं पॅराशूट त्याच्याकडे होतं. ते उघडायची वेळ आली नाही, त्याने स्वतःच तोल सावरला.

आणि उंचीचा विक्रम आता त्याच्या नावावर नाही. २४ ऑक्टोबर २०१४ रोजी ॲलन युस्टेस हा गूगलचा वरिष्ठ अधिकारी ४१ किलोमीटरहून वरून पडला, तेही रॉसवेलजवळच. कॅप्सूल नाही, नुसत्या सूटमध्ये, फुग्याखाली लटकून तो वर गेला. स्थिर राहण्यासाठी छोटं पॅराशूट वापरल्यामुळे त्याचा वेग थोडा कमी भरला, ताशी सुमारे १,३२२ किलोमीटर. त्याचा फॉरवर्ड मात्र मला आजवर एकदाही आलेला नाही.