वारसा किलोच्या भावानं कसा घालवावा

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शेजारची, बीड म्हणजे ओतीव लोखंड वितळवायची जुनी क्युपोला भट्टी गॅस कटरनं कापून भंगारात गेली. टेम्पो गल्लीबाहेर पडायच्या आत मालकांचा स्टेटस पडला: 'ओल्ड इज गोल्ड'. अशी कर्तबगारी तुम्हालाही जमावी म्हणून थोडं मार्गदर्शन.

आधी 'अडगळ' म्हणायला शिका. पुढचं आपोआप होतं.

मग लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचे साचे करतात ते नमुने, काढा. अस्सल सागवान. बीड थंड होताना आकसतं म्हणून आज्यानं फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त धरून, पटाशीनं घासून केलेले. कुठला इंजिनाचा, कुठला उसाच्या चरकाचा, विचारत बसू नका. बंबात झकास पेटतात.

भाषणात कोल्हापूरच्या यंत्रोद्योगाचे आद्य कारागीर म्हादबा मेस्त्रींचं नाव घ्या. टाळ्या पडतात.

आणि पोराकडं इंग्लंडला गेलात की कोलब्रुकडेलला जाच. अब्राहम डार्बीनं १७०९ मध्ये लाकडी कोळसा सोडून कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, लोखंड गाळलं, ती भट्टी तिथं आहे. डोळे भरून बघा. तीही राडारोड्याखाली गेली होती बरं का! १९५९ मध्ये, अडीचशे वर्षं झाली म्हणून, तिथल्या ओतकामवाल्या कंपनीनंच ती उकरून काढली, शेजारी छोटं संग्रहालय केलं. कारखानदारांनी! पुढं तिच्यावर छप्परही आलं. जवळच १७७९ चा बिडाचा पूल. सुतारकामासारखे खाचा-खुंट्यांचे सांधे, ३७८ टन बीड. आपल्याकडं असता तर एव्हाना किलोचा भाव फुटला असता. त्यांनी १९३४ मध्ये त्यावरची वाहनं बंद केली, १९८६ मध्ये सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. तुम्ही पुलावर उभं राहून सेल्फी काढा आणि म्हणा, "गोऱ्यांना किंमत आहे राव!"

किंमत? अहो, तोच कोक, तेच बीड, तीच चुनखडी थरावर थर टाकून तुमचा बाप त्या भट्टीपुढं आयुष्यभर भाजला. त्यावर तुमचा बंगला उभा राहिला. भट्टी जपायला जागा नव्हती, मान्य. पण कापायच्या आधी माप घ्यायला, चार फोटो काढायला, मोल्डिंगवाल्या म्हाताऱ्यांना बोलवून कुठला पॅटर्न कशाचा एवढं विचारायला काय जात होतं? भंगारवाल्याशी दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करायला वेळ होता की!

लाज वाटत नसेल तर राहू दे. उरलेले पॅटर्न तेवढे बंबात घालू नका. आमच्या शेडमध्ये आणून टाका, टेम्पोचं भाडं मी देतो.