‘अंदाजाने लाईट देतात’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: ‘केसाएवढी काचेची तार शरीरात घातली की किती रेडिएशन लागलं ते तिथल्या तिथे कळतं. आजवर कॅन्सरच्या पेशंटला अंदाजानेच लाईट देत होते. ही तार असेल तिथेच उपचार घ्या, मग चूक होणं अशक्य.’

तार खरी आहे. बाकीचं बघू.

अंदाजाने? लिनॅक, म्हणजे बाहेरून रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या तोंडाशीच दोन आयन चेंबर (रेडिएशन मोजणारे कप्पे) असतात. ठरलेला डोस मोजून झाला की त्यांच्या इशाऱ्यावर झोत थांबतो. शिवाय पहिल्या पेशंटआधी मशीनची रोज तपासणी असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तर १९६९पासून पोस्टाने डोसमापक पाठवून देशोदेशीची मशीनं पडताळते. ५ टक्क्यांहून जास्त फरक निघाला की पाठपुरावा करते.

दुसरं, तार स्वतः काही मोजत नाही. तिच्या टोकाला सिंटिलेटर असतो, म्हणजे किरण पडले की उजळणारा प्लास्टिकचा तुकडा, साधारण १ मिमी जाड आणि ३ मिमी लांब. तार तो उजेड बाहेर आणते, आणि तीही अनेकदा काचेची नाही, प्लास्टिकचीच. गोम अशी की झोतात सापडलेली तार स्वतःही निळसर उजळते. हा चेरेन्कोव्ह प्रकाश वजा केला नाही तर आकडाच चुकतो. बेद्दार, मॅकी आणि ॲटिक्स या संशोधकांनी १९९२ सालीच यावर लिहिलं होतं. तेव्हा ही तार म्हणजे काही नवा शोधही नाही.

सगळ्यांना हवीच का? नाही. तिचा खरा उपयोग ब्रॅकीथेरपीत, म्हणजे किरणांचा स्रोत शरीराच्या आत ठेवून केलेल्या उपचारात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोत्सर्गी इरिडियम धातूचा स्रोत आत सरकवतात. गुदाशय आणि मूत्राशय अगदी लगत. स्रोतापासून १ सेंमीवर नुसता १ मिमी फरक पडला तरी डोस जवळपास २० टक्क्यांनी बदलतो. इथे आतून मिळणारा आकडा मोलाचा. आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठाने याच कामासाठी ‘ओरिजिन’ प्रकल्प चालवला. पण याच आजारात सगळं रेडिएशन आठ आठवड्यांत पुरं करायचं असतं. तार शोधत फिरणाऱ्याचे दिवस त्यातूनच जातात.

आणि ‘चूक अशक्य’? मोजणारं यंत्र असलं तरी त्याचं ऐकायला हवं. नोव्हेंबर १९९२, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. इरिडियमचा स्रोत तुटून रुग्णाच्या शरीरातच राहिला. खोलीतला रेडिएशनचा गजर वाजला. पण मशीनचा पडदा ‘सुरक्षित’ म्हणत होता, म्हणून गजरच खोटा ठरवला गेला. हातातल्या मीटरने कुणी तपासलं नाही. रुग्णाला परत पाठवलं. पाचव्या दिवशी मृत्यू झाला.