गायरानातला तो पो अजून तसाच आहे

आषाढात आमच्या सातही जनावरांना एकाच दिवशी जंताचं इंजेक्शन दिलं. तीन देवणी गायी, बैलजोडी, दोन कालवडी. पाऊस लागला की सरसकट सगळ्यांना टोचून घ्यायचं, ही उदगीरकडची आमची दरवर्षीची रीत. जंत जातात, गोचीडही कमी होतात. कुणाच्या पोटात खरंच जंत आहेत हे कुणी तपासलं नाही, मीही नाही. औषध होतं आयव्हरमेक्टिन.

चौथ्या दिवशी गायी गायरानात सोडल्या. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तिथं शेणाचे दोन पो शेजारी शेजारी दिसले. एक आमच्या गायीचा, दुसरा शेजाऱ्यांच्या गायीचा. त्यांनी यंदा औषध दिलेलं नव्हतं. त्यांच्या पोत तुराटी घातली तर ती सरळ आत गेली. वरची पापडी तेवढी शाबूत, आत सगळा भुगा, बोट जाईल एवढी भोकं आणि खाली उकरून काढलेल्या ताज्या तांबड्या मातीचा ढीग. एक काळा शेणकिडा पाय आखडून मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. आमचा पो उलटला तर खालून ओला, गुळगुळीत, आंबूस वासाचा. एक भोक नाही.

वडील बांधावरून ओरडले, "काय हुडकूलालास रे शेणात?"

दोन पोंवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. ऊन-सावली, जमीन, पाऊस, सगळ्याचा फरक पडतो. पण घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, की औषधामुळे शेण न मोडण्याचा हा प्रश्न जगाला माहीत होऊन चाळीस वर्षं होत आली. १९८७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी वासरांच्या पोटात हळूहळू औषध सोडणारी गोळी ठेवून हेच पाहिलं होतं. साध्या वासरांचं शेण मोडून मातीत गेलं, औषधवाल्यांचं घट्ट तसंच राहिलं. कारण हे औषध अंगात फारसं मोडत नाही. बहुतेक सगळं शेणावाटे बाहेर पडतं, त्यातलं बरंच जसंच्या तसं. इंजेक्शननंतर दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस, त्या शेणातल्या अळ्या मरतात. मोठा किडा लगेच मरेलच असं नाही, पण त्याचं वास घेणं आणि चालणं मंदावतं, हेही प्रयोगांत दिसलंय. किडा येतो, अंडी घालतो आणि पुढची पिढी तिथंच संपते.

आता कुणी म्हणेल, किडे मेले तर मरू देत. आमच्या गावात शेणातली पांढरी अळी दिसली की लोक ती हुमणी समजून ठेचतात. दोघी एकाच कुळातल्या, दिसायलाही सारख्या, पण हुमणी पिकाची मुळं खाते आणि शेणकिड्याची अळी शेण खाऊन वाढते. शेणकिडा शेण जमिनीत ओढून नेतो, म्हणजे उकिरडा न भरता, मजुरी न देता खत मुळापाशी जातं. त्याच्या बिळांतून पावसाचं पाणी आत मुरतं. आपल्या मराठवाड्यात, जिथं पाण्यासाठी लातूरला रेल्वे आणावी लागली, तिथं ही गोष्ट मला फार मोठी वाटते. शिवाय शेण लवकर मोडलं की माश्यांना अंडी घालायला जागा उरत नाही आणि शेणातून गवतावर चढणारे जंतही कमी होतात. म्हणजे जंत मारायला दिलेलं औषध जंत कमी करणाऱ्यालाच मारतं.

ऑस्ट्रेलियात गायी बाहेरून आल्या. तिथले किडे कांगारूच्या लेंड्यांवर जगणारे, त्यांना गायीचं ओलं शेण झेपेना. कुरणं पोंनी झाकली, माश्यांनी माणसं हैराण. शेवटी १९६०च्या दशकापासून आफ्रिकेतून आणि इतर ठिकाणांहून चाळीसहून अधिक जातींचे शेणकिडे नेऊन सोडावे लागले. आपल्याकडे ते फुकट आहेत.

औषधाला मी वाईट म्हणत नाही. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते निघालं. त्यानं आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे डोळे वाचवले आणि शोधणाऱ्यांना २०१५चं नोबेल मिळालं ते योग्यच. माझा राग आपल्या सरसकटपणावर आहे. डायक्लोफिनॅकचं आपण असंच केलं. दुखण्यावर म्हणून जनावरांना टोचत राहिलो, मेलेली ढोरं खाऊन गिधाडं संपली आणि २००६ साली बंदी आली तेव्हा आभाळ रिकामं झालेलं होतं. वडिलांनी गावाच्या ढोरफोडीवर गिधाडांची रांग पाहिली आहे. माझ्या मुलीनं एकही पाहिलेलं नाही. शेणकिडा तर एवढा लहान, की तो गेला हेही कुणाला कळणार नाही. गायबगळे आणि हुदहुद पो उकरायचे थांबले तरच एखाद्याच्या लक्षात येईल.

यंदापासून घरात ठरवलंय. आधी शेण तपासायचं, ज्याला जंत त्यालाच औषध. नुसते पोटातले जंत असतील तर डॉक्टरांना फेनबेंडाझोल या दुसऱ्या जंताच्या औषधाबद्दल विचारायचं, ते शेणकिड्यांना बरंच कमी बाधतं. आयव्हरमेक्टिन द्यावंच लागलं तर ते जनावर तीन आठवडे गोठ्यातच, वैरण तिथंच. गोचिडासाठी डेल्टामेथ्रिन अंगावर मारलं तरी तेच पथ्य, कारण तेही शेणात उतरतं आणि शेणकिड्यांना मारतं. वडील आधी म्हणाले, "एवढी उठाठेव कोण करतंय?" पण मागच्या आठवड्यात तपासायचं शेण भरायच्या डब्या त्यांनीच धुऊन ठेवल्या.

कुणाला तपासून घ्यायचं असेल तर सकाळचं ताजं शेण, लिंबाएवढं, जमिनीला टेकलेला भाग सोडून घ्या. झाकणाच्या स्वच्छ डबीत भरा, जनावराचं नाव लिहा, उन्हात ठेवू नका आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात पोचवा.