दोन्ही हातांनी उघडावा

या लॅपटॉपमध्ये मला हवं ते सगळं आहे. प्रोसेसर नव्या पिढीचा, रॅम ऐसपैस आणि वर पुढेमागे वाढवता येणारी, स्क्रीन डोळे निववणारी, कीबोर्ड असा की काही सुचलेलं नसतानाही टाइप करत बसावं. किंमत बघून तर मी पान पुन्हा लोड केलं. म्हटलं, एखादा आकडा निखळून पडला असेल. आकडे सगळे जागेवर होते. निखळते ती बिजागरी.

सगळ्यांचीच निखळते असं नाही. पण ज्यांची निखळली त्यांनी जगाला इतक्या तपशिलात सांगितलंय की मला आता तिचा शवविच्छेदन अहवाल तोंडपाठ आहे. बिजागरी स्वतः पोलादी असते, तिला काही होत नाही. ती ज्यात बसवलेली असते ते तुटतं. प्लास्टिकच्या बॉडीतच आतून इवल्याशा नळ्या काढलेल्या असतात, प्रत्येक नळीत एक पितळी नट गरम करून दाबलेला असतो आणि त्या नटात बिजागरीचा स्क्रू. झाकणाची वरची कड उचलताना आपल्याला वाटतं, बोटभर जोर लावला. खाली तो कितीतरी पटींनी पोचतो, कारण कडेपासूनचं अंतर वीतभर आणि स्क्रू मात्र आसापासून पेरभरावर. त्यात बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवलेली, नाहीतर टाइप करताना स्क्रीन डुलेल. रोज थोडं थोडं प्लास्टिक तडकत राहतं आणि एक दिवस 'टक्'.

त्या 'टक्'चे व्हिडिओ आहेत. मी ते रात्री जेवण झाल्यावर बघतो. एक जण झाकण उघडत जातो, आणि निम्म्यावर आलं की कोपऱ्यातली फट आ वासते. आतली हिरवी पट्टी दिसते, एक वायर दिसते. मग तो खालचं कव्हर काढतो आणि कॅमेरा जवळ नेतो. ओल्या भिंतीतला खिळा चुन्यासकट हातात यावा तसा पितळी नट स्क्रूसकट बाहेर आलेला असतो, त्याच्याभोवती काळ्या प्लास्टिकचे तुकडे चिकटलेले. पुढच्या व्हिडिओत दुसरा कुणी त्याच जागी इपॉक्सी गोंद ओततो. तिसरा गडी थेट ड्रिल घेतो, आरपार भोक पाडतो आणि नट-बोल्ट आवळून मोकळा होतो. बोल्टचं डोकं बाहेरच्या चकचकीत बाजूला राहतं. या तिसऱ्याबद्दल मला आदर आहे.

"मामा, तो सोडून कुठलाही घे," भाचा म्हणाला. भाचा या विषयातला जाणकार. घरातल्या प्रत्येकाने काय घ्यावं हे तो सांगतो आणि प्रत्येकाने काय घेतलं यावर हळहळतो.

"कुठलाही म्हणजे कुठला?"

"थोडे जास्त पैसे टाक आणि मेटल बॉडी घे. विषय संपला."

विषय संपत नाही हो. पैसे जास्त टाकले की दोष जात नाहीत, त्यांची पत वाढते. ॲपलने २०१५ साली बारा इंची मॅकबुकला 'बटरफ्लाय' कीबोर्ड दिला. पातळ, देखणा. त्यात धुळीचा कण गेला तरी बटण रुसायचं, नाहीतर एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ च्या जूनमध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या अखेरीस सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये ती जुन्या 'कात्री' पद्धतीच्या कीबोर्डवर परत आली. त्याच घराण्यातल्या २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये स्क्रीनकडे जाणारी केबल बिजागरीभोवती घासून खराब होत असे. स्क्रीनच्या तळाशी नाटकाच्या रंगमंचासारखे प्रकाशझोत दिसायचे. २०१८ च्या मॉडेलमध्ये केबल लांब केली. किती? दोन मिलिमीटर. हे वाचल्यापासून मिलिमीटर या एककाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

"मग मिलिटरी ग्रेड बघ," भाचा म्हणाला.

बघितलं. एमआयएल-एसटीडी-८१० नावाचं अमेरिकी लष्कराचं मानक आहे, १९६२ पासूनचं. ते वस्तूला शिक्का देत नाही, चाचण्या कशा घ्यायच्या ते सांगतं. त्यातल्या कोणत्या घ्यायच्या आणि किती कडक घ्यायच्या हे उत्पादकाने आपलं आपण ठरवायचं. बुरशीची चाचणी आहे, खारट धुक्याची आहे, तोफा-बंदुका झाडल्याच्या हादऱ्याची आहे. एका हातात चहाचा कप, मानेत फोन आणि दुसऱ्या हाताने उजव्या कोपऱ्याला धरून झाकण उचलणे, ही चाचणी अमेरिकी लष्कराला अजून सुचलेली नाही.

कंपन्या स्वतः बिजागऱ्या तपासतातच म्हणे. यंत्र झाकण हजारो वेळा उघडतं, मिटतं. वीस हजार वेळा तपासली असं सांगितलं की मी लगेच हिशेब करतो: दिवसाला दहा वेळा धरलं तरी साडेपाच वर्षं. छान. मग लक्षात येतं की यंत्र झाकण मध्यावर धरतं, सावकाश, सरळ रेषेत, आणि ते कधी घाईत नसतं. आमच्या घरात असं झाकण उघडणारं कुणीही नाही.

मग परीक्षणं वाचायला घेतली. पाच तारेवाले सगळे पहिल्या दिवशीचे. 'आत्ताच बॉक्स उघडला, एक नंबर.' एकाने पाचही तारे डिलिव्हरी वेळेत आली म्हणून दिलेत. एक तारेवाले तेराव्या-चौदाव्या महिन्यातले, म्हणजे वॉरंटी संपल्यावर हिमतीने बोलायला लागलेले. मधलं कुणी नाहीच. ज्यांची बिजागरी तुटली नाही ते लिहीत नाहीत. 'आज गुरुवार. बिजागरी शाबूत आहे. संध्याकाळी पुन्हा कळवतो,' असं लिहिणारा एखादा भला माणूस मिळाला असता तर माझं काम किती सोपं झालं असतं! शंभरातल्या किती तुटतात हेच कळत नाही, फक्त तुटलेल्यांचा आवाज मोठा आहे एवढं कळतं. तरीही मी वाचत राहिलो, कारण वाचन थांबवलं तर निर्णय घ्यावा लागला असता.

शेवटी कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगा आला, अतिशय नम्र.

"बिजागरी तुटली तर वॉरंटीत बसते का?"

"हो सर, बसते. आपोआप तुटली तर."

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे सर, भौतिक नुकसान नको. कशानेही जोर पडलेला नको."

"पण झाकण उघडताना जोर पडणारच ना?"

"सर, मग ते ग्राहकाकडून झालेलं नुकसान धरतात."

"म्हणजे हात न लावता तुटली पाहिजे?"

थोडी शांतता. "सर, आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?"

त्या मुलावर माझा राग नाही. त्यालाही रोज तेच विचारत असणार.

हे सगळं फोनवर चाललेलं असताना बायको समोर बसून भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "अहो, पण तुमचा आत्ताचा लॅपटॉप कशाला टेकवलाय?"

शब्दकोशाला. त्याची डावी बिजागरी गेली त्याला आता जमाना झाला. शब्दकोश जाडजूड आहे, स्क्रीन बरोबर हव्या त्या कोनात राहते. शब्द अडला की शब्दकोश काढावा लागतो आणि स्क्रीन मागे कोसळते, म्हणून हल्ली मी शब्द अडू देत नाही. बिजागरी तुटल्याचे ते सगळे व्हिडिओ मी याच स्क्रीनवर बघितले होते. आणि या लॅपटॉपची घ्यायच्या वेळी मी काडीचीही चौकशी केली नव्हती. रंग आवडला होता.

"तुम्ही तो नवा आणा आणि बंदच करू नका ना," बायको म्हणाली. "उघडलाच नाही की तुटणार कशी?"

सूचना विचार करण्याजोगी होती. पण कायम उघडा ठेवलेला लॅपटॉप म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटरच, फक्त दुरुस्तीला महाग. शिवाय धूळ. मघाचा तो कण आठवला.

या टप्प्यावर माझ्या मनाने कच खाण्याऐवजी उलटीच उडी मारली. म्हटलं, बाकीच्या मॉडेलांचे दोष मला माहीत नाहीत, म्हणजे ते आल्यावर धक्का बसणार. याचा माहीत आहे. कुठून फाटणार, कोणता आवाज येणार, इपॉक्सी कुठे ओतायची, सगळी तयारी आहे. इतकं शिक्षण वाया घालवायचं? त्याच रात्री ऑर्डर दिली. वाढीव वॉरंटीही घेतली, अपघाती नुकसान धरणारी, म्हणजे तिच्यात हात लावलेला चालतो. तिच्या अटी मात्र मी वाचल्या नाहीत. माणसाने कुठेतरी थांबावं.

लॅपटॉप आला. घरात सगळ्यांना गोळा करून प्रात्यक्षिक दिलं: टेबलावर ठेवायचा, समोर बसायचं, झाकण दोन्ही हातांनी मध्यावर धरायचं, घाई नाही. मुलीने विचारलं, पूजा पण सांगायची का. दुर्लक्ष केलं. रोज सकाळी मी कोपऱ्याशी कागदाची कड सरकवून फट वाढली का ते बघतो. बिजागरी भलतीच घट्ट आहे. घट्ट आहे म्हणजे मजबूत, असं दुपारपर्यंत वाटतं. घट्ट आहे म्हणजेच सगळा जोर प्लास्टिकवर, असं दुपारनंतर. परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासून बघावं, तर तपासायचं म्हणजे उघडमीट करायची, आणि उघडमीट केली की तेवढं आयुष्य कमी. म्हणून तपासणी जपून चालली आहे.

रविवारी भाचा आला. झाकणाकडे त्याचा एक हात जाताना दिसला, तसा मी मध्ये पडलो आणि रीतसर उघडून दाखवला.

"बरं झालं घेतलास ते," तो म्हणाला. हळहळ त्याने आवरली होती. "स्पीड कसा आहे?"

"अजून चालू नाही केला," मी म्हटलं.