गड्ड्याच्या थंडीत सूर्य जवळच असतो

जुलै उजाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. या खेपेला तो आत्याने टाकला. मजकूर थोडक्यात असा: ‘उद्या पहाटे 5 वाजून 27 मिनिटांनी अल्फेलियन सुरू होणार. पृथ्वी सूर्यापासून एरवी 9 कोटी किलोमीटरवर असते, ती 15 कोटी 20 लाखांवर जाणार, म्हणजे 66 टक्के लांब. 22 ऑगस्टपर्यंत कधी नव्हे एवढी थंडी. अंगदुखी, घसा, सर्दी, खोकला होईल. काळजी घ्या, पुढे पाठवा.’

आत्याला फोन लावला. “सोलापुरात जुलैत कसली थंडी?” तर म्हणाली, “काल रात्री चादर घ्यावी लागली की मला!”

आता चादरीवर सोलापूरकराने काय बोलावं. पण मेसेजवर बोलता येईल.

‘एरवी 9 कोटी, आता 15 कोटी 20 लाख.’ सगळी मेख इथेच मारली आहे. दुसरा आकडा जवळपास खरा, पहिला साफ खोटा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर 14 कोटी 96 लाख किलोमीटर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सर्वांत जवळ असतो, तेव्हा ते 14 कोटी 71 लाख. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब, तेव्हा 15 कोटी 21 लाख. फरक 50 लाखांचा, म्हणजे तीन-साडेतीन टक्के. या दोन जागांना मराठीत उपसूर्य आणि अपसूर्य बिंदू म्हणतात. ‘अल्फेलियन’ असा शब्द इंग्रजीतही नाही, तिथे तो अफेलियन आहे.

आणि 9 कोटींवर असतो तर आपण शुक्राच्याही आत असतो, कारण शुक्र सूर्यापासून सुमारे 10 कोटी 80 लाख किलोमीटरवर फिरतो. हे पडताळायला दुर्बीण नको. शुक्र दिसतो तो संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. आकाशात सूर्यापासून साधारण 47 अंशांपलीकडे तो सरकतच नाही. मध्यरात्री डोक्यावर येतात ते मंगळ, गुरू, शनी, म्हणजे आपल्या बाहेरून फिरणारे. सोलापूरच्या आकाशात मध्यरात्री माथ्यावर शुक्र आजवर कुणी पाहिलेला नाही.

‘लांब गेलो म्हणून थंडी.’ सोलापूरकराला खरी थंडी विचारा, तो गड्डा म्हणेल, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांच्या मागे चालताना, होम मैदानावर पाळण्यात बसताना कानटोपी लागते. आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळून जाऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झालेले असतात! अंतरावर थंडी ठरत असती तर गड्ड्यात घामाच्या धारा लागल्या असत्या.

ठरतं ते कशावर, हे आमच्या गच्चीवर दिसतं. तिथे मी एक मीटरची सळई ओळंबा धरून उभी केली आहे. दुपारी साडेबाराला तिची सावली मोजायची. (बाराला नाही. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर आणि सोलापूर आहे शहात्तरच्या जवळ, म्हणून आपलं खरं मध्यान्ह उशिरा होतं.) जानेवारीच्या सुरुवातीला सावली उत्तरेकडे 85 सेंटिमीटर लांब. जुलैच्या सुरुवातीला ढगांतून ऊन सापडलंच तर अवघी 9 सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे. आत्याचं म्हणणं, सळई वाकली असेल.

सळई सरळ आहे, कललाय तो पृथ्वीचा आस, सुमारे 23.4 अंशांनी. जुलैत आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. सोलापूर 17.7 उत्तर अक्षांशावर, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या माथ्याच्याही उत्तरेला असतो. जानेवारीत तो जेमतेम 50 अंश चढतो. जवळ असल्याने तेव्हा जुलैपेक्षा 7 टक्के जास्त ऊन पृथ्वीला मिळतं खरं, पण इथे ते तिरपं पडून पसरतं आणि ऐन दुपारीच जवळजवळ पाव हिस्सा घालवून बसतं. शिवाय दिवसही दोनेक तासांनी लहान.

अंतराला काहीच किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मंगळ 20 कोटी 70 लाखांपासून 24 कोटी 90 लाखांपर्यंत हेलकावतो. तिथल्या ऋतूंवर अंतराची छाप स्पष्ट पडते. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरला उमगलं तेही मंगळामुळेच, आणि 1609 मध्ये त्याने ते छापलं. आपली कक्षा मात्र जवळपास गोलच.

मग आत्याची चादर? ती पावसाळी ढगांची आणि ओल्या वाऱ्याची करामत. मेमध्ये चाळिशी ओलांडणारा पारा मान्सून आला की उतरतो. अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान तर जानेवारीपेक्षा जुलैतच साडेतीन-चार अंशांनी जास्त असतं, कारण जमिनीचा मोठा भाग उत्तरेला आहे आणि पाण्यापेक्षा जमीन लवकर तापते.

‘पहाटे सुरू, 22 ऑगस्टला समाप्त.’ ही काही अमावास्येसारखी लागणारी आणि सुटणारी गोष्ट नाही. अपसूर्य हा एक क्षण. त्यानंतर अंतर रोज थोडं थोडं कमी होत जानेवारी गाठतं. एक गंमत मात्र खरी आहे: लांब असताना पृथ्वी जरा रेंगाळते. कॅलेंडर काढा आणि 21 मार्च ते 23 सप्टेंबर दिवस मोजा, 186 भरतील. उरलेल्या अर्ध्या फेरीला 179 पुरतात. आणि हाच मेसेज जानेवारीतही फिरून गेलाय, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, तारीख तेवढी बदलून.

‘सर्दी-खोकला होईल.’ होईल की. पावसाळ्यात होतोच. डबकी साचू देऊ नका, पाणी उकळून प्या, ताप उतरेना तर डॉक्टर गाठा.

ऑगस्टच्या पहिल्या तीन दिवसांत ढगांनी वाट दिली, तर दुपारी साडेबाराच्या सुमारास सळईची सावली बुडाशीच नाहीशी होईल. आत्याला तेव्हा जेवायलाच बोलावलंय.