दोन मिलिमीटरची पट्टी आणि माझदाची अब्रू

"रोटरी? अजिबात घेऊ नका. ऑइल पिते, पेट्रोल पिते आणि लाख किलोमीटरच्या आत इंजिन बसतं."

इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या कुणा मराठी माणसाने "जुनी माझदा आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" असं विचारलं की हे उत्तर ठरलेलं. (आरएक्स-८ म्हणजे माझदाची स्पोर्ट्स कार, आणि रोटरी म्हणजे तिचं पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं इंजिन.) उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे. ऑइल ती पितेच, कारण तिला ते पाजायचं असंच कंपनीने ठरवलंय. इंजिन बसण्याबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. मालकांनी ही इंजिनं मारली हे खरं, पण ती कशी जगवायची हे मालकाला धडपणे सांगायचं काम माझदाने केलं नाही. गाडी विकताना नऊ हजार आरपीएमचं कौतुक, आणि ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक किती वेळा ओढायची ते माहितीपुस्तकाच्या कुठल्याशा पानावर.

आपल्याकडे माझदा म्हटलं की अजूनही स्वराज माझदाची मिनीबस आठवते. पंजाबात बनायची, शाळेच्या पोरांपासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहायची. (ती कंपनी पुढे एसएमएल इसुझू झाली आणि २०२५ मध्ये आपल्या महिंद्राकडे आली.) माझदाच्या कार भारतात कंपनीने कधी विकल्याच नाहीत, त्यामुळे रोटरीचा अनुभव आपल्याला ऐकीव. नाव मात्र ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. पारशांचा अहुर मझ्द आणि संस्थापक जुजिरो मात्सुदा यांचं आडनाव, दोन्ही त्या नावात आहेत. जपानात आजही ब्रँडचा उच्चार 'मात्सुदा' असाच होतो.

१९२० साली हिरोशिमात ही कंपनी सुरू झाली ती बुचं बनवायला. तोयो कॉर्क कोग्यो. मग यंत्रं, आणि १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाडी. ६ ऑगस्ट १९४५ ला शहर बेचिराख झालं, पण फुचूचा कारखाना हिजियामा टेकडीच्या आडोशाला असल्यामुळे बराचसा वाचला. पुढचे काही महिने प्रांताची सरकारी कचेरी त्याच आवारात चालली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बाहेर पडू लागली.

रोटरीची गोष्ट बहुतेक ठिकाणी 'वेड्या इंजिनिअरांचं स्वप्न' म्हणून रंगवलेली असते. मला ते पटत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानचं व्यापार खातं मोटार कंपन्या एकत्र करून मोजके गट ठेवण्याच्या विचारात होतं. तोयो कोग्योसारख्या (माझदा कंपनीचं तेव्हाचं नाव), कारच्या धंद्यात नुकत्याच उतरलेल्या कंपनीचं विलीनीकरण ठरलेलंच होतं म्हणा. आपल्याकडे असं काही हवं की जे टोयोटा-निस्सानकडे नाही, या हिशेबाने कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा जर्मनीत एनएसयू या मोटार कंपनीच्या दारात गेले आणि १९६१ मध्ये फेलिक्स वांकेलच्या इंजिनाचा परवाना घेऊन आले. रोटरी म्हणजे त्या कंपनीने स्वतःसाठी उतरवलेला विमा होता. हप्ता फार महाग पडला, ही गोष्ट वेगळी.

आता इंजिनाकडे. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. मधे किंचित आवळल्यासारख्या लंबगोल हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरचा एक फेरा होतो तोवर शाफ्टचे तीन होतात, म्हणजे काटा नऊ हजारावर असतानाही रोटर तीनच हजाराने फिरत असतो. म्हणून थरथर नाही, आणि म्हणूनच चालवणाऱ्याला वेग चढलेला कळत नाही.

रोटरच्या तिन्ही टोकांना खाचेत एकेक पट्टी बसवलेली असते, ती अ‍ॅपेक्स सील. मागे स्प्रिंग. ही पट्टी हाउसिंगच्या क्रोमवर सतत घासत राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे कप्पे असतात. एकात स्फोट होतोय, दुसऱ्यात भलतंच काही चाललंय. दोन रोटर, म्हणजे गाडीत अशा सहा पट्ट्या. सुरुवातीच्या १०ए इंजिनात त्या सहा मिलिमीटर जाड होत्या, मग तीन झाल्या, आणि १९८० च्या दशकात दोनवर आल्या. आरएक्स-८ मध्येही दोनच.

माझदाच्या रोटरी विभागाचे प्रमुख केनइची यामामोतो आणि त्यांच्या सत्तेचाळीस इंजिनिअरांनी काम सुरू केलं तेव्हा चाचणीतल्या इंजिनाच्या हाउसिंगवर पत्र्याच्या छपरासारख्या लाटा उमटायच्या. 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नाव त्यांनी त्याला दिलं. पट्टी घासून झिजत नव्हती, ती आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येला थरथरत उड्या मारत होती. टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून कंपनसंख्या बदलली तेव्हा ओरखडे थांबले. प्रत्यक्ष विक्रीच्या गाडीत कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी आली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात उतरली, ४९१ सीसीचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती. त्याच वर्षी एनएसयूने आपली रो ८० आणली. तिच्या सीलांनी वॉरंटीत इतकी इंजिनं खाल्ली की १९६९ मध्ये ती कंपनीच फोक्सवॅगनच्या पोटात गेली. जनरल मोटर्सने आणि सिट्रोएनने पुढे नाद सोडला. माझदा एकटी उरली.

आणि मग १९७३ चं तेलसंकट आलं. रोटरीचा कप्पा लांबट, चपटा आणि सरकता असतो. ज्योत मागच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तर एका रोटरला दोन प्लग. धातूचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते, जळण वाया जातं. एव्हरेज कमी असणारच, ट्यूनिंगने ते जात नाही. अमेरिकेत विक्री कोसळली, सुमितोमो बँकेने कंपनी वाचवली, हजारो कामगारांना कारखान्यातून उचलून शोरूमवर गाड्या विकायला पाठवलं. १९७९ मध्ये फोर्डने पाव हिस्सा घेतला. विमा काढला होता तो स्वतंत्र राहण्यासाठी!

१९९१ चा ल मान्सचा विजय सगळ्यांना तोंडपाठ असतो. ७८७बी, ५५ नंबर, चार रोटर, ३६२ फेऱ्या, चालक हर्बर्ट-वाइडलर-गॅशो. चोवीस तासांची ती शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी, आणि २०१८ ला टोयोटा जिंकेपर्यंत एकटीच. पण "जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली" ही दंतकथा आता पुरे. साडेतीन लिटर पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता. उलट त्या वर्षीच्या नियमात माझदाला ८३० किलोवर धावायला मिळालं, प्रतिस्पर्धी जॅग्वार-मर्सिडीज हजार किलोच्या होत्या. इंजिन चोवीस तास फुल टिकलं हे खरं, पण ते तापलेलं होतं, सतत वेगात होतं आणि कुणी ते अंगणातून गेटपर्यंत नेऊन बंद करत नव्हतं. रोटरीला नेमकं हेच मानवतं.

घरच्या वापरात काय होतं ते बघा. गार इंजिन चालू झालं की कॉम्प्युटर भरपूर पेट्रोल सोडतो. गाडी दहा मीटर सरकवून बंद केली, तर ते पेट्रोल कप्प्यात पडून राहतं आणि सीलवरचा ऑइलचा थर धुऊन नेतं. थर गेला की कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यातला दाब, गेलं. दुसऱ्या दिवशी सेल्फ नुसता फिरतो. मग माणूस आणखी सेल्फ मारतो, आणखी पेट्रोल जातं, प्लग ओले, बॅटरी उतरलेली. सुरुवातीच्या आरएक्स-८ चा स्टार्टरही मंद होता, नंतर कंपनीने जास्त ताकदीचा दिला. अशा वेळी ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरायचा आणि दहा सेकंद सेल्फ मारायचा. त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. मधे मिनिटभर स्टार्टरला विश्रांती. तरी नाही झाली तर प्लग काढून पुसायचे, खालच्या प्लगच्या भोकातून पाच-दहा मिलि इंजिन ऑइल सोडायचं, मग पुन्हा. धूर होईल, होऊ द्या. आणि मुळात हे टाळायचं असेल तर एकदा चालू केलेली गाडी पूर्ण गरम होईपर्यंत बंद करायची नाही.

ऑइलचं गणित वेगळं. पिस्टनला खालून क्रँककेसमधलं ऑइल मिळतं. रोटरीत तो रस्ताच नाही, म्हणून एक छोटा पंप इंजिन ऑइलच थेंबाथेंबाने कप्प्यात सोडतो आणि ते जळून जातं. दीड-दोन हजार किलोमीटरला लिटरभर कमी झालं तर आनंद माना, पंप चालू आहे! न पिणारी रोटरी जास्त धोक्याची. दर दुसऱ्या पेट्रोल भरणीला डिपस्टिक बघायची. शिवाय बरेच जाणकार टाकीत लिटरमागे पाच मिलि कमी राखेचं टू-स्ट्रोक ऑइल घालतात. मला ते योग्य वाटतं, कारण इथेच माझदाची खरी चूक झाली. सुरुवातीच्या आरएक्स-८ मध्ये एका हाउसिंगला ऑइलचे दोनच नॉझल होते, दोन्ही कडेकडेला. सीलच्या मधल्या भागाला ऑइल कमी पडायचं. २००९ च्या सुधारित गाडीत तिसरा नॉझल आणि इलेक्ट्रिक पंप आला. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैल करावी लागली होती. हे करून माझदाने चूक मान्य केली असं मी समजतो, कुणी काही म्हणो.

मात्र आरएक्स-८ ची बरीच इंजिनं सीलपासून नव्हे, कॉइलपासून मरतात. प्लगना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चार कॉइल असतात आणि पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास त्या ढिल्या पडू लागतात. गाडी हलकी मिसिंग करते, मालक दुर्लक्ष करतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळून तुंबते. धूर-उष्णता मागे इंजिनात दाबली जाते, सील भाजतात. शंभर पौंडांच्या कॉइल वाचवल्या आणि इंजिन बांधायची वेळ आली, असा तो हिशेब. चारही कॉइल, चार प्लग आणि वायर एकदमच बदलायच्या. प्लग दोन जातीचे आहेत, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग, त्यांची उष्णताक्षमता वेगळी, अदलाबदल चालत नाही.

जुन्या आरएक्स-७ चं, म्हणजे १९९१ नंतरच्या ट्विन टर्बोचं दुखणं वेगळं. तिथे पाणी. हाउसिंगांच्या मधे रबरी रिंगा असतात, गाडी एकदा जरी कडक तापली तरी त्या जातात. सकाळी चालू करताना पांढरा धूर आणि कूलंट हळूहळू कमी, म्हणजे समजा. हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची टाकी जुनी झाली की तडकते, ती दिसली की लगेच ॲल्युमिनियमची बसवा. बूस्ट वाढवण्याचा मोह झाला तर आधी इंधन आणि इंटरकूलर बघा. नॉकिंगचा, म्हणजे अवेळी होणाऱ्या स्फोटाचा, एक फटका आणि दोन मिलिमीटरची पट्टी तुटते, तुटलेला तुकडा हाउसिंग ओरबाडत टर्बोतून बाहेर जातो.

२०२३ च्या एमएक्स-३० मध्ये माझदाने रोटरी परत आणली ती नुसती जनरेटर म्हणून. एकच रोटर, ८३० सीसी, पट्टी अडीच मिलिमीटरची. चाकांना जोडलेलीच नाही, त्यामुळे कधी चालू करायची आणि कधी बंद, हे मालकाच्या हातातच ठेवलेलं नाही. पन्नास वर्षांचं दुखणं कंपनीने असं सोडवलं! हुशारी आहे, पण गाडी म्हणून मला ती फारशी भावली नाही. एवढी गुळगुळीत फिरणारी वस्तू आणि कामाला लावली बॅटरी भरायच्या.

तर आरएक्स-८ घ्यायचीच असेल तर गरम इंजिनावर बघा. वीस मिनिटं चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सेल्फ मारा. गार असताना लगेच आणि गरम असताना रडत चालू होत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय. मग कागद मागा. साध्या गेजचा आकडा चालत नाही, तो तीन कप्प्यांतला सगळ्यात चांगला तेवढा दाखवतो. रोटरीच्या खास टेस्टरवर एका रोटरचे तीन, दुसऱ्याचे तीन असे सहा आकडे निघतात, २५० आरपीएमला धरून. नव्यासारखं इंजिन चौरस सेंटिमीटरला साडेआठ किलोच्या आसपास दाब दाखवतं, ६.९ च्या खाली गेलं की ते संपलं, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत दीड किलोहून जास्त फरक असेल तरीही संपलं. विकणारा सहाच्या जागी दोनच आकडे सांगत असेल, तर चहा घ्या आणि निघा.