कार्ड बसतं हो, पण नांदत नाही

सोसायटीचे हिशेब, गणपतीचे व्हिडिओ, सगळं बाबांच्या कॉम्प्युटरवर. कोअर टू ड्युओ हा जुना प्रोसेसर, विंडोज ७. नवा घेऊ म्हटलं की बाबा थेट सेक्रेटरीपदाचा राजीनामाच लिहायला घेतात. म्हणून निदान कॉपी तरी लवकर व्हावी यासाठी यूएसबी ३.० चं कार्ड, म्हणजे मशीनला जलद यूएसबी पोर्टं जोडून देणारी पट्टी, आणायचं ठरलं.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला विचारलं, "जुन्या मशीनला चालेल?"

"पळेल!" मदरबोर्ड कुठला, हे त्याने विचारलं नाही. असल्या चौकशा करत बसला तर धंदा कधी करणार?

कॅबिनेट उघडलं. कार्डं खोचायचे लांब, पांढरे, जुन्या पद्धतीचे पीसीआय स्लॉट आ वासून रिकामे. पण या कार्डाला हवा पीसीआय एक्सप्रेसचा बोटभर स्लॉट. तो एकुलता एक, तोही ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली दडलेला. ग्राफिक्स कार्ड काढलं. बाबांचं बुद्धिबळ गेलं. सून घरात यायच्या आधीच सासरे रुसले.

मग कार्डाला स्वतंत्र वीज हवी. त्याचं तोंड साटा जातीचं, आमच्या जुन्या एसएमपीएसला (मशीनला वीज देणाऱ्या डब्याला) मोकळ्या वायरी मोलेक्स जातीच्या. पुन्हा लॅमिंग्टन रोड, कन्व्हर्टर. (दुकानदार मला बघून हसला. त्याला माहीत होतं, बहुतेक.)

विंडोज ७ ला यूएसबी ३.० उपजत कळत नाही, ते विंडोज ८ पासून. ड्रायव्हरची सीडी सोबत होती, पण सीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर यायला तयार नाही. शेवटी ड्रायव्हर डाउनलोड करून पेन ड्राइव्हने आत नेला. नव्या पोर्टांची वरात जुन्याच पोर्टातून निघाली!

खोक्यावर वेग सेकंदाला ५ गिगाबिट. पण आमचा पहिल्या पिढीचा स्लॉट सेकंदाला २५० मेगाबाइटच्या वर काही सोडत नाही, आणि आतली हार्ड डिस्क त्याच्या निम्म्यावरच धापा टाकते. तरी व्हिडिओ पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी वेळात उतरले, हे कबूल करायला हवं.

बाबा खूश. इतके, की ही नवी निळी पोर्टं जलद म्हणून त्यांनी कीबोर्डही तिथेच लावला. सकाळी मशीन सुरूच होईना. विंडोज चालू होईपर्यंत हे कार्ड आमच्या बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खिजगणतीत नसतं. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा.

"अहो बाबा, कीबोर्ड मागच्या जुन्या पोर्टात लावा!"

"थांब रे, आधी ते सांगतंय ते करू दे. मघापासून दाबतोय!"